शरयूची चूक

बाबांच्या टेबलाशेजारी एक लाकडी स्टूल होतं आणि ते माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे काही केलं ते त्या स्टुलापायी केलं. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, स्नेहलतागंज नावाच्या मोहल्ल्यात आम्ही पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक लांबोळकी गॅलरी एवढ्यात राहत होतो. गॅलरी नावालाच. तिचा अर्धा भाग पत्रे ठोकून बंद केलेला होता आणि तिथे बाबांचं टेबल होतं. बाबा एका तांत्रिक शाळेत रेडिओ शिकवायचे आणि दिवसभर शिकवून घरी आले की चहा पिऊन पुन्हा रेडिओच उघडून बसायचे. आई म्हणायची, हलवाई घरी येऊन जिलब्या तळत नाही, मग तुम्हीच का? खाली रस्त्यावर टेंपोंची फटफट चालू असायची, स्टेशन जवळ असल्यानं शंटिंगच्या इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आणि त्या सगळ्यात टेबलावरच्या उघड्या रेडिओची खरखर. सोल्डरिंगच्या राळेचा धूर एकीकडून आणि आईच्या फोडणीचा धूर दुसरीकडून यायचा आणि आम्ही दोघं मधे बसून शिंकायचो. सोल्डरची तार धरणं, वेटोळं गुंडाळताना वेढे मोजणं, पडलेला स्क्रू टेबलाखाली शिरून शोधणं, ही माझी कामं होती. वेढे मोजताना कोणी हाक मारली तरी मी ओ देत नसे. नळावर पाणी आलं, अंगणात मैत्रिणी आल्या, तरी मी, म्हणजे नलू, स्टुलावरून हलायची नाही. घरात दुसरं भावंड नव्हतं. बाबांवर माझा एकटीचा हक्क होता आणि तो तसाच राहणार याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

बाबांचा एक दंडक होता. कुठलंही सर्किट जोडून झालं की बटण दाबण्याआधी ग्राउंडवर बोट ठेवून दाखवायचं. "ग्राउंड कुठे?" असं ते परीक्षकासारखं विचारायचे, आणि बोट ठेवल्याशिवाय सेल जोडायला मिळायचा नाही. पाहुण्यारावळ्यांचीही यातून सुटका नव्हती. आईचे एक काका आपला दुरुस्त झालेला रेडिओ न्यायला आले, तर त्यांनाही बाबांनी चष्मा लावायला लावून बोट ठेवायला लावलं. बिचारे लग्नाला निघाले होते. मी बोट ठेवायची ते काळी तार शोधून. काळी तार म्हणजे ग्राउंड, एवढंच माझं ज्ञान, आणि त्यावर माझं छान चाललं होतं. बाबा दर वेळी "शाबास" म्हणायचे, त्यामुळे आणखी काही समजून घेण्याची मला गरज वाटली नाही.

मी नववीत होते त्या वर्षी बाबांच्या डोक्यात टँक सर्किट बसलं. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि एक कंडेन्सर, दोघांची टोकं एकमेकांना जोडलेली. वीज वेटोळ्यातून कंडेन्सरमध्ये जाते, तिथून परत येते, पुन्हा जाते, आणि अशी सारखी झुलत राहते. तिला मधूनमधून हलकासा धक्का देत राहिलं की ती थांबत नाही, आणि मग एवढ्याशा फळीवरच्या खटाटोपातून दूर ठेवलेल्या रेडिओत शिट्टी वाजते. मधे काही नाही, तार नाही, दोरी नाही, आणि तरी शिट्टी! बाबांना तिचं वेड लागलं होतं. पण त्यांच्या मते खरी गंमत शिट्टीत नव्हती. या गोल फेऱ्यात ग्राउंड कुठे जोडायचं आणि आउटपुट कुठून घ्यायचं, हा त्यांचा आवडता प्रश्न. "वर्तुळाला सुरुवात नसते नलू, आपण जिथून मोजू तिथे सुरुवात. ग्राउंड म्हणजे आपण ठरवलेली जागा," ते म्हणायचे. मी विचारायची, "म्हणजे जमीन ना?" ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मला काही केल्या पटायचं नाही. जमीन कधी कोणी ठरवते का? ती खाली असते. चार-पाचदा असं झाल्यावर बाबांनी नाद सोडला आणि मला वेढे मोजायला बसवलं.

त्याच सुमारास शरयू आली. शरयू माझी आतेबहीण, माझ्याहून एका वर्षानं मोठी. आत्याचं घर गौतमपुऱ्याला, शेतीवाडीचं. तिथल्या शाळेत सायन्स नव्हतं, आणि तिला तर सायन्सच शिकायचं होतं. म्हणून तिचे वडील तिला एका पत्र्याच्या ट्रंकेसकट आणि पोतंभर मक्याच्या भुट्ट्यांसकट आमच्याकडे सोडून गेले. काळीसावळी, किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, आणि बोलणं असं की निम्मं मराठी, उरलेलं हिंदी आणि माळवी. आल्या दिवशी तिनं आईच्या हातातून लाटणं काढून घेतलं आणि म्हणाली, "मामी, तुम्ही बसा ना, मी करते, काय बडी बात आहे." झालं. आई गार. त्या आठवड्यात भुट्ट्याचा कीस झाला तेव्हा कढईच्या तळाची खरपूस खरवड, जी जन्मापासून माझी होती, ती आईनं शरयूच्या ताटात वाढली. का, तर ती पाहुणी. पाहुणी काय, आज आहे उद्या जाईल, असं मी मनाशी म्हटलं.

शरयू टेबलाजवळ यायची नाही. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो की ती भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून खाली बसायची आणि नुसतं बघायची. महिनाभर हे असं चाललं. एका संध्याकाळी बाबा मला पुन्हा एकदा तेच वर्तुळ समजावत होते आणि मी पुन्हा एकदा मान हलवत होते, तेवढ्यात खालून आवाज आला.

"मामा, हे तगारीतल्या पाण्यासारखं आहे का?"

"कसली तगारी?" बाबा मागे वळले.

"आमच्याकडे बछड्यांना पाणी देते ना मी, तगारीत, म्हणजे घमेल्यात भरून. दोन हातांनी धरून चाललं की पाणी झुलतं. इकडची कड वर गेली की तिकडची नीचे. पर बीचमध्ये पाणी तसंच राहतं, हिलतच नाही. तर ग्राउंड बीचमध्ये धरायचं आणि आउटपुट कडेनं घ्यायचं. हौ ना?"

बाबांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. काही क्षण ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. तसं त्यांनी माझ्याकडे कधीही बघितलं नव्हतं, माझा पहिला नंबर आला तेव्हासुद्धा नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नलू, जरा ऊठ. तिला बसू दे."

मी उठले. त्या "जरा"चा अर्थ मी त्या वेळी दहा मिनिटं असा घेतला होता. पण शरयू बसली ती बसलीच. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण आई शेजारच्या सुनेबद्दल वापरायची, ती मला आपल्या घरात बघायला मिळाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी धावत आले आणि आधी स्टुलावर जाऊन बसले, तर बाबा सहज म्हणाले, "अगं, शरयूला हात-पाय धुऊन येऊ दे, मग सुरू करू. तू तोवर आईला मदत कर." रविवारी सकाळी बाबा पोहे-जिलबी आणायचे. पूर्वी खाताना आम्ही कोडी घालायचो. आता पोह्यांच्या कागदावर, शेवेचे तुकडे बाजूला सारून, दोघं वेटोळी काढायची. मी जिलबी खात बसायची, आणि ती गोड लागायची नाही. रात्री अंथरुणावर शरयू माझ्या शेजारीच झोपायची आणि तिला पडल्या पडल्या झोप लागायची, याचाही मला राग यायचा. मी तिची लाल रिबीन लपवली. तिच्या भूगोलाच्या वहीवर शाई सांडली. ती म्हणाली, "जाऊ दे ना, पुन्हा लिहिते." हिच्याशी भांडायचं तरी कसं, मला कळेना.

आज इतक्या वर्षांनी लिहिताना मला वाटायला हवं की मी लहान होते, अजाण होते. पण तसं वाटत नाही. तो मत्सर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. वयाची पासष्टी उलटली तरी तो गेलेला नाही, फक्त त्याला नीट बसायची जागा मिळाली आहे.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. स्टुलावर असताना मी जे कधी शिकले नाही ते दाराआड उभी राहून शिकले. बाबा तिला काय सांगतात, ती काय विचारते, त्यातला एकही शब्द मी सोडत नव्हते. माझ्याशी बोलायचं सोडून ही दोघं इतकं काय बोलतात, हे मला कळायलाच हवं होतं. इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी वेटोळं काढायची, कंडेन्सर काढायची आणि बाण काढून बघायची. वेटोळ्याच्या मधोमध तार खरवडून एक फाटा बाहेर काढलेला असतो, त्याला ती दोघं टॅप म्हणायची. ग्राउंड त्या टॅपवर. मग वेटोळ्याच्या दोन टोकांना उलटसुलट हेलकावे मिळतात, एक वर तेव्हा दुसरं खाली. एका टोकाकडून आउटपुट घ्यायचं आणि दुसऱ्याकडून थोडी वीज मागे फिरवून धक्का द्यायला वापरायची. एके दिवशी भांडी विसळताना अचानक सगळं लख्ख कळलं. ग्राउंड म्हणजे जमीन नव्हेच! मी ओल्या हातांनी गॅलरीपर्यंत पळत गेले. दोघांची डोकी टेबलावर एकमेकांना लागलेली होती. मी परत येऊन भांडी विसळली.

दिवाळीनंतर आमच्या दोघींच्या शाळेतून विज्ञान प्रदर्शनाला एक वस्तू पाठवायचं ठरलं. मुलींच्या शाळेतून रेडिओचं काही जाणार म्हटल्यावर विज्ञानाच्या बाईंना आनंद झाला. शरयूचं नाव गेलं. प्रदर्शनात ती फळी मांडणार, बटण दाबणार, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या रेडिओत शिट्टी वाजणार, असा बेत होता. "मग रेडिओ कोण धरणार?" आईनं विचारलं. बाबा म्हणाले, "नलू आहे ना. तिला काय करायचंय, नुसता धरायचाय." ते माझं मन दुखवायला बोलले नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते "नुसता" मी विसरले नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी बाबा जेवून झोपले होते. आई शेजारी पापडांना गेली होती. शरयू न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसली होती, कारण उद्या लोकांसमोर नीट दिसायला हवं. फळी टेबलावर तयार होती. तिच्यावर पितळी खिळे ठोकून एकेक वस्तू त्यांना जोडलेली, सगळं कसं नीटनेटकं. ग्राउंडची काळी तार टॅपच्या खिळ्यावर डाग देऊन बसवलेली. सोल्डरिंगला बाबा डाग देणं म्हणत. मी आयर्न तापवलं. तार मोडून टाकली असती तर लगेच दिसलं असतं. कंडेन्सर काढला असता तर त्याहून लगेच. मला असं काही करायचं होतं की सगळं जागच्या जागी दिसावं आणि तरी शिट्टी वाजू नये. मी टॅपवरची काळी तार सोडवली आणि बोटभर अंतरावरच्या खिळ्यावर, जिथून आउटपुट घेतलेलं होतं तिथे, नेऊन लावली. ग्राउंड आणि आउटपुट एकाच खिळ्यावर. आता ते टोक हलणार कसं, आणि टोकच हललं नाही तर बाहेर जाणार काय? टॅपच्या खिळ्यावर तार होती याची खूणही मी पुसून काढली. नव्या जागी डाग दिला. आजवर माझ्या हातून सोल्डरचा नुसता गोळा व्हायचा. तो डाग मात्र पहिल्या झटक्यात पसरला, गुळगुळीत आणि चकचकीत. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी वाटला तो अभिमान. बाबांना उठवून दाखवावंसं वाटलं, की बघा, मी काय केलं! मग शरयूची चप्पल जिन्यात वाजली आणि मी आयर्नचं बटण बंद केलं.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. सगळीकडे थर्माकोलचे ज्वालामुखी आणि पिठाच्या गिरण्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि गर्दीत मागे उभे होते. मी रेडिओ छातीशी धरून हॉलच्या टोकाला, खिडकीजवळ उभी राहिले. परीक्षक अकराला येणार होते ते साडेदहालाच आले, आणि नेमके आमच्याच रांगेतून सुरुवात करून. शरयू अजून फळी खोक्यातून काढत होती. तिनं घाईघाईनं सेल जोडले आणि बटण दाबलं. ग्राउंडवर बोट ठेवायला ती विसरली. मला ते इतक्या लांबून दिसलं. बाबांनाही दिसलं असणार, कारण त्यांनी मान किंचित हलवली.

रेडिओ खरखरत राहिला. तिनं पुन्हा बटण दाबलं. काही नाही. भोवती पोरीबाळी जमल्या होत्या, त्यातल्या दोघी हसल्या. परीक्षक उंच, चष्म्याचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "बजेगा बेटा, या हम आगे चलें?"

"बजेगा सर. बस एक मिनिट."

तिनं आता बोट ठेवलं. तारेच्या सुरुवातीपासून ते सरकवत सरकवत टोकापर्यंत नेलं आणि खिळ्यापाशी थांबली. मग तिनं मान वर केली आणि त्या अख्ख्या गर्दीतून सरळ माझ्याकडे बघितलं. आता ही बोट दाखवणार, आता बाबांना कळणार. आणि तरीही, कसं सांगू, आत कुठेतरी असं वाटत होतं की दाखव. दाखव एकदाचं. म्हण, हे नलूनं केलं.

ती खाली वाकली आणि तार ओढायला लागली. निघेना. तिथे आयर्न नव्हतं. तिनं तार तोंडाशी नेली, दातांनी तोडली, दातांनीच वरचं काळं सोलून काढलं आणि उघडं टोक अंगठ्यानं टॅपच्या खिळ्यावर दाबून धरलं.

माझ्या छातीशी धरलेल्या रेडिओतून शिट्टी वाजली. लांबलचक, स्वच्छ. सगळ्या हॉलनं माना वळवून माझ्याकडे बघितलं. शरयूनं तार उचलून आउटपुटच्या खिळ्यावर टेकवली. शिट्टी बंद. पुन्हा टॅपवर. शिट्टी सुरू. परीक्षक दोन पावलं पुढे आले.

"ये क्या कर रही हो?"

"सर, गलती मेरी है. पहले ग्राउंड देखना था, नहीं देखा. ग्राउंड यहाँ आ गया था, आउटपुट वाली जगह पर. दोनों एक हो गए तो बाहर क्या जाएगा?" मग तिनं तगारीची गोष्ट सांगितली, हातांनी तगारी धरून दाखवली, बीचमध्ये काय होतं आणि कडेला काय होतं ते सांगितलं, आणि मधूनमधून तार उचलून, ठेवून, माझ्या हातातला रेडिओ गप्प करून आणि वाजवून दाखवला. चालू असलेलं यंत्र त्या दिवशी सगळ्यांकडेच होतं. पण बंद का पडतं, हे बंद पाडून दाखवणारी ती एकटीच. परीक्षकांनी स्वतः वाकून, तार हातात घेऊन, दोनदा करून बघितलं. आपण करायला जातो एक आणि होतं भलतंच, असं म्हणतात ना, तसंच झालं. शरयूला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते मी मिळवून दिलं.

परतताना टेंपोत बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. बक्षिसाची ढाल मांडीवर धरून ते त्या अनोळखी ड्रायव्हरला सांगत होते, "अरे भिया, क्या गलती पकडी लडकी ने!" आम्ही दोघी मागे होतो. शरयू बाहेर बघत हळूच म्हणाली, "डाग मस्त पक्का दिला तू. दात दुखतायत माझे."

"मी काय केलं?" मी म्हटलं.

"कुछ नहीं."

थोड्या वेळानं मीच विचारलं, "बाबांना सांगणार तू?"

"मी कशाला सांगू? तू सांग." मग ती माझ्याकडे वळली. "सांगितलं तर मामा रागावतील थोडे. पर बाद में खूश होतील, की नलूला पण येतं. मला नाही सांगायचं."

तेव्हा मला तो तिचा मोठेपणा वाटला आणि मी तिचा आणखी दुस्वास केला. पुढे कितीतरी वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत ती समोर बसलेली असताना, मला तिचं ते "मला नाही सांगायचं" पुन्हा आठवलं आणि घास हातातच राहिला. ती मोठेपणा करत नव्हती. तिलाही स्टूल सोडायचं नव्हतं.

मी सांगितलं नाही. पुढे मी आर्ट्स घेतलं. मला सायन्समधलं काही आवडत नाही, असं मी घरी सांगितलं आणि ते सर्वांनी चटकन मान्य केलं. शरयू इंजिनियर झाली, पुण्याला गेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली. मी एका शाळेत ग्रंथपाल होते, आणि चांगली होते. पण बाबांच्या तोंडी जी गोष्ट राहिली ती शरयूच्या चुकीची. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या सासऱ्यांना ती सांगितली. माझ्या मुलांना झोपवताना सांगितली. "चूक करावी तर शरयूसारखी," असं शेवटी म्हणायचे. "आपल्याच हातानं तार चुकीच्या जागी लावली पोरीनं, पण काय जागा! अगदी मर्मावर." प्रत्येक वेळी मी ताटं घ्यायला उठायची. त्या टेबलावर मी माझ्या बुद्धीनं एकच काम केलं होतं, आणि त्याचं कौतुकसुद्धा तिच्या नावावर जमा झालं होतं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. आम्ही आता अन्नपूर्णा भागात राहतो. बाबांनी नव्वदी ओलांडली आहे. कान शाबूत आहेत, पाय नाहीत. सकाळी मी त्यांना अंघोळ घालते, मऊ खिचडी भरवते, वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि एवढं झालं की ते विचारतात, "शरयूचा फोन आला का?" ती आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बोलते, आणि त्या दहा मिनिटांवर त्यांचे पुढचे दोन दिवस निघतात. मी चोवीस तास घरात असते, माझी वाट कोण बघणार?

मागच्या महिन्यात त्यांना व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येऊ लागली. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला ती गोष्ट सांगितली. ती बिचारी कौतुकानं ऐकत होती. "वाह दादाजी," म्हणाली. ती गेल्यावर मी बाबांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, ती तार शरयूनं नव्हती लावली. मी लावली होती. आदल्या दुपारी, तुम्ही झोपलेले असताना."

बाबा हसले. मग खोकला येईपर्यंत हसले. "तू? अगं नलू, तिची चूक तू कशाला अंगावर घेतेस आता? तुला काळी तार म्हणजे ग्राउंड, एवढंच ठाऊक. नेमकी कुठे लावली की गप्प होईल, हे कळायला टँक कळावा लागतो."

मी औषधांच्या चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि पेन घेतलं. वेटोळं काढलं, कंडेन्सर काढला, टॅप काढला, ट्रान्झिस्टरकडे जाणाऱ्या तारा काढल्या. इतिहासाच्या वहीनंतर ते मी कधीही काढलं नव्हतं, पण हात कुठे अडला नाही. ग्राउंड आधी कुठे होतं, मी कुठे नेलं, का नेलं, दुसरीकडे का नाही नेलं, टॅपवरची खूण कशी पुसली, सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा मागितला. कागद डोळ्यांजवळ धरून ते खूप वेळ बघत राहिले. त्यांचं बोट कंडेन्सरवरून वेटोळ्यावर, तिथून टोकाकडे गेलं, परत आलं. मी एखाद्या शाळकरी पोरीसारखी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे गं नलू."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"शरयूनं शिकवलं ना तुला?"

मी हो म्हटलं.